गच्चीवर नेलेला पाटा

पत्र : मी वरळीच्या बीडीडी चाळीत जन्मलो, वाढलो. वय ४३, विमा कंपनीत नोकरी. आजोबा गिरणीत साचेवाले होते, वडीलही ८२ च्या संपापर्यंत गिरणीतच. चाळ रिकामी करून आम्ही सध्या संक्रमण शिबिरात राहतो. चाळ पडणार म्हणून कमिटीने निरोपाची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. गणपती, गोविंदा, कबड्डी, नाटकं, सगळ्यांवर लेख आले. पलीकडच्या चाळीतल्या माझ्या शाळेपासूनच्या मित्रानेही दीड पान लिहून दिलं. तो बौद्ध आहे. जानेवारी १९७४ च्या दंगलीत त्याच्या आजीच्या खोलीवर काय गुदरलं ते त्याने लिहिलंय. फुटलेल्या काचा, जळलेल्या गोधड्या, आणि बाबासाहेबांची तसबीर पोटाशी धरून रात्रभर मोरीत बसलेली आजी. कमिटीचे सचिव म्हणतात, निरोपाच्या वेळी मढी कशाला उकरायची? लेख काढ, नाहीतर ‘त्या काळी काही गैरसमज झाले होते’ अशी एक ओळ टाकून मोकळा हो.

एवढंच असतं तर मी भांडलो असतो. पण सामान बांधताना आईने आजीचा पाटा टाकून द्यायला काढला, तेव्हा वडील एकदम म्हणाले, “हा पाटा दंगलीत गच्चीवर गेला होता. मीच नेला होता.” ते तेव्हा वीस वर्षांचे होते. पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तेव्हापासून मित्राला तोंड दाखवायची लाज वाटते. लेख छापू का? वडिलांचं त्यात लिहू का? मित्राला सांगू का?
एक वरळीकर

वरळीकर,

लेख छापा. शुद्धलेखन सोडून एक अक्षर बदलू नका, आणि शुद्धलेखन तपासलेली प्रतही आधी मित्राला दाखवा. तुमच्या तीन प्रश्नांतला हा सगळ्यांत सोपा. बाकीच्या दोघांसाठी जरा बसावं लागेल, चहा घेऊन.

आधी सचिवांचं. त्यांचा राग येऊ देऊ नका, स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक कमिटीत असे एक सचिव असतात आणि जाहिराती तेच आणतात. पण त्यांचं वाक्य जरा उलगडून बघा. मढं उकरायचं तर ते आधी पुरलेलं असायला हवं. कोणी पुरलं? तुमच्या मित्राच्या आजीने पुरलं नव्हतं. तिने ते मुलाला सांगितलं, मुलाने नातवाला सांगितलं, नातवाने दीड पान लिहून तुमच्या हातात दिलं. पलीकडच्या चाळींमध्ये दर वर्षी १० जानेवारी आली की लोक त्या दंगलीच्या दिवसांत मारल्या गेलेल्या भागवत जाधवांचं नाव घेतात. पन्नास वर्षं घेतायत. हे सगळं तुमच्या चाळीपासून किती पावलांवर? इतिहास विसरला गेला असं आपण म्हणतो तेव्हा विसरलेल्यांची खोली कोणत्या मजल्यावर होती ते कधी सांगत नाही. विसर पडला तो तुमच्या बाजूच्या जिन्यात.

मलाही हे उशिरा कळलं. मी गिरगावातली. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आमच्या चाळीवर लेख लिहिला होता. गॅलरीतले वाळत घातलेले पापड, एका रेडिओभोवती अख्खा मजला, कुणाच्या घरचं कार्य म्हणजे सगळ्यांच्या घरचं. पत्रं बरीच आली, कौतुकाचीच. एका बाईंचं पोस्टकार्ड मात्र वेगळं होतं. लिहिलं होतं, “लेख आवडला. तुमच्या त्या चाळीत आमच्यापैकी कोण राहत होतं?” नाव वाचून ‘आमच्यापैकी’ म्हणजे कोण ते कळत होतं. मी उत्तर लिहायला बसले आणि उत्तर इतकंच निघालं की कुणीच नाही. संडास साफ करायला येणारा माणूस तेवढा आठवला, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात त्याच्यासाठी पालथी घातलेली, कान तुटलेली कपबशी. ती कपबशी मी लेखात घातली नव्हती. मुद्दाम वगळली असंही नाही, लिहिताना ती डोळ्यांसमोर आलीच नाही. हे मुद्दाम वगळण्यापेक्षा वाईट, असं मला आता वाटतं. त्या बाईंना मी आजपर्यंत उत्तर पाठवलेलं नाही.

तर तुमच्या स्मरणिकेत काय काय येणार ते मी न वाचता सांगू शकते. ‘आम्ही सगळे एक कुटुंब होतो.’ प्रत्येक लेखात एकदा, अध्यक्षांच्या मनोगतात दोनदा. खोटं नसतं ते. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. अशा जागेत माणसं एकमेकांना सांभाळूनच जगतात. पण बीडीडीत कोणत्या चाळीत कोण राहतं हे पोस्टमनला सांगावं लागत नव्हतं. तुम्हीच पत्रात ‘पलीकडची चाळ’ म्हणालात. ते पलीकडे कशाच्या पलीकडे, ते कोणी विचारलं का? मैदानाच्या, म्हणाल तुम्ही.

आता आजोबांकडे येते, कारण तुमची गोष्ट १९७४ ला सुरू होत नाही.

आजोबा साचेवाले होते असं तुम्ही अभिमानाने लिहिलंत. लिहायलाच हवं. साचेखातं म्हणजे विणकामाचं खातं, गिरणीतलं कसबाचं काम, पगारही सूत कातायच्या रिंगखात्यापेक्षा बरा. पण त्या खात्यात कोण नव्हतं ते ठाऊक आहे? मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे उष्टं, म्हणजे विटाळ. एवढ्या कारणासाठी अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या कामगारांना साचेखात्याचं दार बंद होतं. त्यांनी रिंगखात्यात राबायचं, कमी पगारात. पाणी प्यायची सोयही कित्येक गिरण्यांत वेगळी. मालकाला कापड कोणी विणलं याच्याशी काय देणंघेणं? दार अडवून उभे होते ते शेजारच्या साच्यावरचे कामगारच. (त्या सुताबरोबर खळ आणि कापसाची धूळ छातीत जायची ते वेगळंच. विटाळ टाळला, खोकला घेतला.)

१९२८ साली सहा महिन्यांचा मोठा संप झाला. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली अख्खं गिरणगाव रस्त्यावर आलं. तेव्हा डॉ. आंबेडकर परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळीत राहत होते, म्हणजे या सगळ्याच्या ऐन मध्यात. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारलं, कामगारांची एकजूट म्हणता, तर साचेखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? प्रश्न साधा होता. बावटा एक, मैदान एक, घोषणा एक आणि खातं मात्र दोन. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात तेच आंबेडकर आणि तेच कम्युनिस्ट एका दिवसाच्या संपासाठी एकत्र उभे राहिले, हेही याच मुंबईत झालं. म्हणून मी तुम्हाला गिरणगाव म्हणजे नुसता जातीयवाद असं लिहायला सांगत नाही. दोन्ही तुमच्याच आजोबांच्या हयातीतलं आहे. मात्र पगार जास्त होता म्हणून घरात पहिल्यांदा घड्याळ आलं, पोरं शिकली, गावाकडे पैसे गेले, असं काही तुम्ही आजोबांबद्दल लिहिणार असाल, तर तो पगार ज्या दाराआडून येत होता त्याबद्दल एक वाक्य लिहा. एकच, पण ढळढळीत.

आपल्याला अन्यायाची आठवण राहत नाही असं नाहीच. साहेबाच्या काळात अमुक क्लबात हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, ब्रीच कँडीचा तरणतलाव फक्त गोऱ्यांसाठी होता, हे मुंबईकराच्या तोंडावर असतं. हुतात्मा चौकातून जाताना संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांचा आकडा शाळकरी पोर सांगतं. जिथे मार आपल्याला बसला ते पाठ. जिथे हात आपला होता तिथे ‘काही गैरसमज झाले होते.’

आता १९७४. लेखाशेजारी चौकट टाका, दहा-बारा ओळींची. तरुण वाचकाला याची गंधवार्ता नसते आणि मित्राच्या लेखावर माहिती द्यायचंही ओझं नको. चौकटीत एवढं पुरे: १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना स्थापन झाली. नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. गावोगावी दलितांवर अत्याचार होतात आणि सरकार ढिम्म हलत नाही म्हणून पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात त्यांची सभा झाली, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, आणि दंगल चाळींत शिरली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चावर परळमध्ये वरून दगड आला, त्यात भागवत जाधव गेले. पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर गेले. लोण नायगावपर्यंत पोचलं, आठवडेच्या आठवडे धुमसत राहिलं. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. पोटनिवडणूक कॉम्रेड डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे जिंकल्या.

दोन नावं आहेत, ती पूर्ण लिहा. ‘काही जण दगावले’ असं साथीच्या रोगात लिहितात.

चौकट ऐकीव माहितीवर करू नका. दादरला, नायगावातच, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. त्या जानेवारीची वर्तमानपत्रं मागा. एकच नको, दोन-तीन वेगवेगळ्या मतांची काढून शेजारीशेजारी ठेवा, एकच दिवस किती तऱ्हांनी छापला जातो ते दिसेल. आयोगाचा अहवाल मिळाला तर तोही वाचा. आणि चाळीतल्या हयात माणसांवर चौकटीतून आरोप करू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या अमक्याने काय केलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता.

शब्द मात्र तपासा. ‘दोन गटांत दंगल’ ही वर्तमानपत्री सवय आहे. गट कसले, ते लिहा: सवर्ण हिंदू आणि बौद्ध. कुणाच्या लेखात ‘जयभीमवाले’ किंवा ‘ती लोकं’ आलं असेल तर लेखकाला फोन करून विचारा की स्वतःच्या घराबद्दल लिहिताना तो ‘ही लोकं’ लिहितो का. भाषेत जात कशी लपते हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आडनाव विचारून झाल्यावर ‘गाव कुठलं?’ असा पुढचा प्रश्न आपण उगाच टाकत नाही.

सचिव तुम्हाला म्हणतील, मग दुसरी बाजूही छापा, समतोल पाहिजे. त्यांना विचारा, बाकीची ऐंशी पानं कोणत्या बाजूची आहेत?

आणखी एक हरकत येईल, ती शहाणी माणसं घेतील. म्हणतील, अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं वेगळं, तो वंशाचा मामला. आपल्याकडे कातडी एकच. खरं आहे, जात म्हणजे वंश नाही हे स्वतः बाबासाहेबांनीच ठणकावून सांगितलं होतं. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून म्हटलं की तुमच्या आणि आमच्या स्थितीत फार साम्य आहे. वंश एक नसला तरी वागणूक ओळखता येते. आणि आठवण कशी ठेवायची हे तिकडून शिकायला हरकत नसावी. अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहरात २०१८ साली एक स्मारक उघडलं, झुंडींनी ठार मारलेल्या काळ्या माणसांचं. आठशेहून अधिक पोलादी खांब आहेत, एकेका परगण्याचा एकेक, त्या परगण्यात मारलेल्यांची नावं कोरलेले. प्रत्येकाची जुळी प्रत बाहेर आडवी ठेवली आहे. परगण्याने यावं आणि आपला खांब आपल्या गावी नेऊन उभा करावा. मला त्यातलं हेच आवडलं. दुःख देशाचं म्हणून टाकून द्यायची सोय नाही. तुमच्या परगण्याचं तेवढं तुम्ही उचला. तुमच्या वाट्याला तर दीडच पान आलंय.

आता वडील.

त्यांच्याबद्दल स्मरणिकेत लिहू नका. निदान त्यांनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. यात दोन कारणं आहेत. एक, ते त्यांचं आहे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सामान बांधताना एक वाक्य टाकलं, ते तुम्ही उचलून आर्ट पेपरवर छापलंत तर पुढचं वाक्य कधीच येणार नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मित्राची आजी रात्रभर मोरीत बसली आणि त्याच अंकात समोरच्या पानावर तुमच्या वडिलांचा पश्चात्ताप आला, तर लोक काय वाचतील? तुमच्या वडिलांचा मोठेपणा. “बघा, किती मोकळ्या मनाचा माणूस!” फोन तुमच्या घरी येतील. आजीची गोष्ट पुन्हा एकदा तुमच्या घरच्या गोष्टीला बसायला दिलेला पाट होईल. असं व्हायला नको.

पण त्यांना विचारा. स्मरणिकेसाठी नको, तुमच्यासाठी. आणि विचारताना न्यायाधीश होऊ नका, वकील तर मुळीच नको. ‘तुम्ही असं कसं केलंत?’ म्हणालात की ते गप्प होतील. ‘तेव्हा सगळं वातावरणच तसं होतं ना?’ म्हणालात की ते तुमच्या हातातून सुटतील, तुम्हीच दार उघडून दिलेलं असेल. लहान लहान विचारा. गच्चीवर आणखी कोण होतं, नावं नकोत, किती जण? वर न्या असं सांगणारा कोण, चाळीतला की बाहेरचा? खाली काय दिसत होतं? तुम्ही ऐकलं काय आणि डोळ्यांनी पाहिलं काय, हे वेगळं करून सांगाल का? दंगलीत अफवा पाण्यासारखी वर चढते, चार मजले तिला काहीच नाहीत. ‘ते येतायत, बायकांना उचलणार’ असं कोणीतरी म्हणालेलं असतं, आणि पलीकडच्या चाळीतही त्याच घटकेला नेमकं तेच म्हटलं जात असतं. वडील त्या रात्री घाबरलेले असू शकतात. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातला दगडही दगडच असतो. दोन्ही एकाच वेळी ऐकून घ्या, एकाने दुसरं पुसू देऊ नका.

दंगलीनंतर गिरणीत पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं, हेही विचारा. रिंगखात्यातली माणसं दिसली का? कोण काय बोललं? एवढं मोठं घडल्यावर पहिल्या पाळीच्या भोंग्याला माणसं एकमेकांच्या शेजारी कशी उभी राहिली, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. ते छापील कुठे फारसं सापडत नाही. ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. फोनवर रेकॉर्ड करायचं तर त्यांना सांगून करा. नाहीतर रात्री वहीत तारीख घालून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हाला आठवेल ते तुमचं असेल, त्यांचं नाही.

त्यांनी बोलायला नकार दिला तर? मग नकार. एकदा विचारा, महिन्याने पुन्हा एकदा विचारा, तिसऱ्यांदा नको.

राहिला मित्र, आणि इथे मी तुम्हाला थोडी टोचणार आहे. ‘मित्राला सांगू का’ असं विचारताना सांगून कोणाचं ओझं उतरेल, याचा विचार केलात का? माझा अंदाज, तुमचं. तुम्ही सांगणार, तुमचा गळा भरून येणार, आणि मग तोच तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, जाऊ दे रे, तुझा काय दोष. आजी त्याची, गोधडी त्याची जळली आणि समजूतही त्यानेच काढायची. असल्या भेटी मी पाहिल्या आहेत. घरी जाताना एक जण हलका होऊन जातो आणि दुसरा दोघांचं घेऊन जातो.

तरी लपवूनही चालणार नाही. बीडीडीतल्या नव्या घरांचं वाटप सोडतीने होतं. शंभर वर्षं जे चाळवार वेगळं होतं ते सोडत एका दिवसात मिसळून टाकते. उद्या तुमच्या आणि त्याच्या दारात एक लिफ्ट असेल. वडील आणि तो रोज त्या लिफ्टमधून चाळीस मजले वरखाली करतील, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये एक गुपित धरून उभे राहाल. हे जमणारं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी लेख छापला जाईल याची व्यवस्था. ते भांडण कमिटीत तुम्ही एकट्याने करा, त्याला बैठकीला बोलावू नका. ‘तूच येऊन समजावून सांग’ हा आपल्याकडचा फार सोयीचा उद्योग आहे. ज्याला लागलं त्यानेच पुराव्यासकट जखम दाखवायची. सचिव हटून बसले तर सांगा, हा लेख नसेल तर संपादक म्हणून माझं नाव काढा. आणि खरंच काढा. धमकी म्हणून म्हणायचं नाही.

अंक छापून हातात आला की प्रत घेऊन त्याच्याकडे जा. तेव्हा इतकंच सांगा: “त्या दिवसांत आमच्या घरातही काय झालं, त्यातलं थोडं मला कळलंय. तुला ऐकायचं असेल तेव्हा सांगेन. नसेल ऐकायचं तर तसं सांग.” पुढे त्याच्यावर सोडा. तो म्हणेल, आत्ता सांग. कदाचित म्हणेल, मला माहीतच होतं रे. मला हेच जास्त शक्य वाटतं. त्या चाळींना कोणत्या गच्चीवरून काय आलं ते गेली पन्नास वर्षं माहीत आहे, माहीत नव्हतं ते तुम्हाला. किंवा तो विषय बदलेल आणि क्रिकेटवर बोलेल. मग तुम्हीही क्रिकेटवर बोला. माफी वगैरे मागायची असेल तर ती वडिलांची वडिलांनी. तुम्ही त्यांचे मुखत्यार नाही.

स्मरणिकेत तुमच्या स्वतःच्या नावाने मात्र एक पान लिहा. संपादकीय असेलच ना? त्यात ‘सुवर्णकाळ’, ‘नात्यांची वीण’ असलं काही न लिहिता सरळ लिहा की या अंकातला एक लेख छापावा की नाही यावर वाद झाला, का झाला, आणि मी तो का छापला. १९७४ मध्ये आमच्या चाळीच्या बाजूने दगड गेले, हे त्यात ‘आमच्या’ असं म्हणून लिहा. नाव कुणाचंच नको. एकाचं नाव लिहिलंत की बाकीच्या एकोणऐंशी खोल्या सुटल्या.

पत्र लांबलं. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला दोन दिवस सोडत नाहीये, ती विचारून थांबते. तो पाटा आजीचा, असं तुम्ही लिहिलंय. १९७४ मध्ये तो तिच्या रोजच्या वापरातला असणार, सकाळ-संध्याकाळ वाटण त्याच्यावर. वीस वर्षांचा मुलगा तो उचलून दारातून बाहेर पडला तेव्हा ती खोलीतच असेल, एवढ्याशा खोलीत दुसरीकडे कुठे जाणार? ती काही म्हणाली का? आणि आईने परवा टाकायला काढला म्हणजे पाटा अजून तुमच्या घरात आहे. गच्चीवर नेलेला पाटा परत खाली आला. तो कोणी आणला? वडिलांनी स्वतः, की ती जिना चढून वर गेली होती?

आधी हेच विचारा त्यांना.